बाबांचा मूळ सूर

९ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू म्हणाली असशील, टुणटुण्याला काहीतरी हवंय. हवंच आहे. पण आधी खुशाली विचारतो, नाहीतर म्हणशील भाऊ नुसता मतलबी. गुडघा कसा आहे? चिमीची बदली टळली का?

फोन केला असता. पण फोनवर गाण्याचा विषय निघाला की तू नुसतं ‘हं’ आणि ‘बरं’ करतेस. लेक शेजारी बसलेली असते, हे मला इकडे कळतं. म्हणून पत्र. ती ऑफिसात गेली की निवांत वाच.

बातमी अशी, की जुन्या रेडिओ केंद्राच्या इमारतीत आपल्या राज्याच्या संगीताचं संग्रहालय होतंय. हसू नकोस. राज्य केवढं, सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला हद्दीबाहेर, आणि त्याचं संग्रहालय! मीही हसलो होतो. पण त्या कामावर नेमलेल्या बाई दुकानात येऊन दोन तास बसल्या. त्यांनी विचारलं, इथे बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारे किती? मी म्हटलं, एक. आधी बाबा होते, आता मी. शाळेतल्या, देवळातल्या, बँडवाल्यांच्या, रेडिओच्या, झाडून सगळ्या पेट्यांना सूर आपल्याच दुकानातून लागतो. ज्याच्याशी ताडून सगळ्या पेट्या लावतो, तो बाबांचा पितळी मूळ सूर त्यांना दाखवला. डबीतून काढून फुंकला. बाईंनी हात जोडले, ताई. मला भरून आलं.

तर मागणं हे. तुझ्या गुरू मोठ्या बाईंच्या त्या अकरा चिजा आज फक्त तुला येतात. त्या तुझ्या आवाजात नोंदवून ठेवायच्या आहेत. जाण्यायेण्याचं सगळं तेच बघतील. पेटीवर मी बसतो. तू फक्त ये.

तुझा,
टुणटुण्या

*

२० जानेवारी

टुणटुण्या,

गुडघा गुडघ्याच्या जागी आहे. चिमीची बदली टळली. तुझ्या मागण्याचं उत्तर नाही असं आहे.

तू दरवेळी विसरल्यासारखं करतोस, म्हणून परत लिहिते. माझा आवाज गेला. बारा वर्षांपूर्वी, भर सभागृहात, तुझ्यासमोर गेला. वरच्या पंचमावर गेले आणि तिथे काहीच नव्हतं. जिना चढताना शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा तसं झालं. पहिल्या रांगेतल्या मोठ्या बाईंनी मान खाली घातली ती मला अजून दिसते. त्याआधीही पाचसहा वर्षं मी रेटून नेत होते. घरी आल्यावर दोन दोन दिवस घसा शेकत बसायचे आणि तुम्हाला सांगायचे सर्दी आहे.

तू तेव्हाही म्हणाला होतास, ताई पट्टी उतरव, काळी चार सोड. पण मोठ्या बाईंनी मला काळी चारमध्ये बसवलं होतं. आपल्याकडे लोक बाईचं गाणं नंतर ऐकतात, आधी पट्टी विचारतात. काळी चारची बाई काळी दोनवर आली की झालं, ‘उतरली’ म्हणून मोकळे. मी म्हटलं, उतरण्यापेक्षा उठलेलं बरं.

आणि चिमीचं तुला ठाऊक आहे. सतरा वर्षांची होती. त्या चिजा तिलाही दिल्या होत्या मी, अकराच्या अकरा. पण वर जाताना तिचा गळा फाटायचा, शिरा ताठ व्हायच्या. मीच एके दिवशी सांगितलं, बाळा, तुझ्यात ते नाही, उगाच हट्ट नको. पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून तिनं गुणगुणलेलं मी ऐकलं नाही. या घरात गाण्याचं नाव निघत नाही. खरं तर मी तिच्यावर उपकारच केले, नाहीतर माझ्यासारखी सगळ्यांसमोर तोंडघशी पडली असती.

तेव्हा संग्रहालयाच्या बाईंना नमस्कार सांग, आणि नाही म्हणून सांग.

ताई

*

२ फेब्रुवारी

ताई,

तुझा नकार वाचला आणि खिशात ठेवला. आता हे ऐक.

रेडिओच्या कपाटात तुझी टेप सापडली. तू सव्वीस वर्षांची, पेटीवर बाबा. पण लावली आणि माझं तोंड कडू झालं. सूर खाली! मी दुकानातली पेटी सोबत नेली होती, तिच्याशी ताडून बघितलं, चांगला अर्धा सूर कमी. टेप जुनी झाली की मंद चालते, दुसरं काय. बाईंनी आपला फोन पुढे केला. त्यात म्हणे सूर दाखवणारा काटा असतो. तो काटा म्हणे टेप बरोबर आणि माझी पेटी चढलेली. मी म्हटलं, बाई, तुमचा फोन दोन वर्षांचा, आमच्या बाबांचा सूर साठ वर्षांचा. टेपवाल्याला सांगून वेग वाढवून घेतला आणि माझ्या पेटीशी बरोबर जुळवला. आता सगळ्याच टेपा तशा सुधारून घेतोय. दीडशेच्या वर आहेत. आयुष्यात काहीतरी मोठं काम हातून होतंय असं वाटतं.

तुझं गाणं पेन ड्राइव्हवर घालून या पाकिटात ठेवलंय. चिमी नसताना ऐक. स्वतःला ऐकलंस की येशील.

परवा बाबा गेल्याची तारीख झाली. नेहमीप्रमाणे मूळ सूर डबीतून काढून घासूनपुसून लख्ख केला. तीस वर्षं झाली ताई, एक वर्ष चुकलं नाही. बाकी त्यांचं आपण काय केलं? एवढं तरी.

टुणटुण्या

*

१४ फेब्रुवारी

टुणटुण्या,

ऐकलं. ती मी नाही.

चाल माझी आहे, पेटी बाबांची आहे हे हातावरून कळतं, पण आवाज माझा नाही. माझा आवाज जाड होता. मोठ्या बाई म्हणायच्या, तुझ्या आवाजाला बूड आहे. ही कोणीतरी चिरकी पोरगी घाईघाईनं गाते आहे. मी तीनदा लावलं. सव्वीसची असताना मी अशी गात होते का, आणि लोकांनी मला उगाच डोक्यावर घेतलं होतं का? रात्रभर तेच डोक्यात. जे एक बरं म्हणून जपलं होतं, तेही तू पाकिटात घालून खोटं करून पाठवलंस.

आणि चिमी लवकर घरी आली. मी बंद करायला उठले तर गुडघा धरला. ती दारातच चप्पल हातात घेऊन उभी राहिली. मला वाटलं आता चिडेल. ती म्हणाली, “हे कोणीतरी पळवलंय. इतकं वर नाही हे.” आणि आत हात धुवायला गेली. पंधरा वर्षांत ती गाण्याबद्दल बोललेली ही दोन वाक्यं.

तुझ्या टेपवाल्याला विचार काय घोळ घातलाय ते.

ताई

*

१ मार्च

ताई,

टेपवाल्याचा काही घोळ नाही. मी शेजारी उभा राहून जुळवून घेतलंय. चिमीला म्हणावं, पंधरा वर्षं गाणं सोडलेल्या माणसानं तीस वर्षं सूर लावणाऱ्याला शिकवू नये. ऑफिसातल्या फायली बघ म्हणावं.

रागानं लिहितोय हे कळतंय मला. पण तूसुद्धा कमाल करतेस. मी खोटं करून पाठवलं म्हणे. बाबांच्या मूळ सुराशी जुळतं ते खोटं, तर मग खरं कशाला म्हणायचं?

कन्याशाळेनं संग्रहालयाला एक बंद पेटी दिली आहे, ती बघायला उद्या जायचंय. नंतर लिहितो.

टुणटुण्या

*

११ एप्रिल

ताई,

चाळीस दिवस झाले. लिहायला बसत होतो आणि उठत होतो. आज लिहून टाकतो. बसून वाच.

कन्याशाळेची ती पेटी बाबांनी केलेली होती. गाण्याच्या बाई वारल्या तेव्हापासून कपाटात कुलुपात. बाबा जायच्या चार वर्षं आधीपासून तिला कोणाचा हात लागला नव्हता. आत बाबांच्या अक्षरात चिठ्ठी होती, ‘सूर लावला’ आणि खाली तारीख. भाता उंदरांनी खाल्ला होता, तो बदलला. काळी चार दाबली. खाली लागली.

मी म्हटलं, गंज असेल. पण गंजानं एखाददुसरा सूर बिघडतो, सगळे मिळून सारखे उतरत नाहीत. मी एकेक करून सदतीसच्या सदतीस तपासले. सगळे माझ्यापेक्षा अर्ध्या सुरानं खाली, आणि आपापसात एकमेकांशी इतके चोख की डोळ्यांत पाणी यावं. मग टेपवाल्याला म्हटलं, ताईची टेप मूळ वेगानं लाव. लावली. पेटीशी तंतोतंत जुळली. बाबांची पेटी, बाबांची टेप, बाईंचा फोन, सगळे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला मी एकटा.

दुकानात येऊन मूळ सूर भिंगाखाली धरला. पितळेची पत्ती टोकाला कागदासारखी पातळ झालीय.

ताई, टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. आठ वर्षांचा होतो तेव्हा बाबांनी मला पहिली गोष्ट ही शिकवली. हजारो पेट्यांत मी हेच केलं. आणि दर वर्षी बाबांच्या तारखेला त्यांचा सूर लख्ख दिसावा म्हणून टोकापासून घासत होतो. पहिली दहाबारा वर्षं तर बारीक कानस वापरायचो, फार काळवंडला होता म्हणून. नंतर पॉलिशपेपर. मला कधी वाटलंच नाही की हाही सूरच आहे, घासला की चढणार. मला ते बाबा वाटायचे.

एकट्या पेटीचं असतं तर चुकलं म्हणून सोडलं असतं. पण सगळं राज्य माझ्याबरोबर चढलं. तंबोरे पेटीला मिळवायचे, तबले तंबोऱ्याला, बँड रेडिओला. सगळेच चढले तर कोणाला कळणार? तो बाहेरून आलेला बासरीवाला आठवतो? त्याची बासरी आमच्याशी जुळेना तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, प्रवासात गारठली बिचारी. सगळे पोट धरून हसले. तो माणूस जेवायलाही थांबला नाही.

आता तुझं. लिहायला हात धजत नाही. तू काळी चार म्हणून जी गात होतीस ती काळी चार नव्हतीच. तिच्या वरची, जवळजवळ पांढरी सहा होती. तुझा वरचा पंचम कुठेही गेला नव्हता, ताई. डबा एक फळी वर सरकवून ठेवावा तसा मी तो वर ठेवला होता, आणि तू हात पुरत नाही म्हणून रडत होतीस. त्या सभेत पेटीवर मीच होतो. तुझा आवाज चिरला आणि मला तुझी कीव आली होती. वय झालं म्हणून.

टेपा परत मूळ वेगानं उतरवून घेतल्या. तुझीही पाठवतोय. आता जाड आहे, बूड आहे. तूच आहेस.

चिमीला सांगायचं की नाही ते तू ठरव. मला सांगायचं धैर्य नाही.

टुणटुण्या

*

२ मे

ताई,

पत्र पोचलं ना? पोस्टात चौकशी केली, ते पोचलं म्हणतात. फोन चिमीनं उचलला, आई झोपली आहे म्हणाली. तिच्या आवाजावरून तिला काही ठाऊक नसावं.

मी सगळ्यांना सांगायला सुरुवात केली आहे. बँडमास्तर म्हणाला, आता कुठे उतरवता, राहू द्या, कान बसलेत. देवळातले बुवा मात्र उठून आत गेले. त्यांचा घसा दोन वर्षं धरलेला आहे. बाहेर आले आणि चहा पुढे केला.

मूळ सूर मी बुडाशी घासून परत खाली आणला. बाबांच्या पेटीशी जुळतो. पण आता त्याला मूळ म्हणवत नाही.

चार ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

टुणटुण्या

*

३० मे

टुणटुण्या,

शिव्याच लिहिल्या होत्या. तीन पत्रं लिहिली आणि फाडली.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला आधी काय झालं सांगू? आनंद झाला. खरंच. माझं गाणं चुकलं नव्हतं, मी कमी नव्हते, असं मी मोठ्यानं म्हटलं, एकटी स्वयंपाकघरात. मग टेप लावली आणि तिच्या सुरात सूर धरला. बारा वर्षांनी तोंड उघडलं. मध्यमापर्यंत कसाबसा खरवडत गेला. पंचम नाही. तेव्हा होता, आता खरोखरच नाही. रोज सकाळी चिमी गेली की बसत होते, महिनाभर. न वापरलेलं कुलूप झालंय घशाचं. तेव्हा तुला शिव्या लिहिल्या.

पण ते मी गिळलं असतं. मी अडुसष्ट वर्षांची आहे. गायले, टाळ्या घेतल्या, हारतुरे घेतले. चिमीनं काय घेतलं? तिला सांगायचं की नाही यावर मी दीड महिना काढला. सांगितलं नाही तर तिला वाटत राहील तिच्यात काही नव्हतं. सांगितलं तर कळेल, होतं. यातलं कोणतं बरं, तूच सांग.

काल सांगितलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तुझं पत्र तिच्या हातात दिलं. तिनं उभ्यानं वाचलं, शेवटपर्यंत. मग परत घड्या घालायला लागली. टॉवेल, चादर, माझं पातळ. मी म्हटलं, चिमे, काहीतरी बोल.

ती म्हणाली, “मी सांगितलं होतं तुला.”

मी म्हटलं, काय सांगितलं होतंस?

ती म्हणाली, “पेटी वर आहे म्हणून. बाहेरच्या रेडिओ स्टेशनवर काळी चार अशी नसते, मामाच्या पेटीवर एवढी वर का, असं विचारलं होतं. तू मारलंस मला. आजोबांच्या सुराला नावं ठेवतेस म्हणालीस.”

मला आठवत नाही, टुणटुण्या. खूप आठवून बघितलं, शपथेवर सांगते, आठवत नाही. पण तिला तारीख आठवते. कोणता ड्रेस होता ते आठवतं. त्यानंतर आठ महिन्यांनी मी तिला गाणं सोडायला सांगितलं, तेही तिनंच सांगितलं. म्हणाली, “तेव्हापासून मला वाटायचं माझा कानच फुटका आहे. म्हणून मी रेडिओसुद्धा लावत नाही.”

सगळ्या राज्यात एकाच माणसाला खरं ऐकू येत होतं. ती सतरा वर्षांची होती, माझ्या घरात होती, आणि मी तिला मारलं. तू माफी मागतोस ती कोणाची? कानस तुझी होती, पण हात माझा होता. तू निदान बाबांसाठी केलंस. मी तर तिचं भलं करत होते.

मी विचारलं, अकरा चिजा येतात तुला अजून? म्हणाली, येतात. शब्दाशब्दानं येतात. मी म्हटलं, मग तू ये माझ्याबरोबर, खऱ्या काळी चारमध्ये गा, तुझा गळा फाटणार नाही. तिनं शेवटची घडी कपाटात ठेवली आणि म्हणाली, “आई, आता तू मला गा म्हणू नकोस.” रागावून नाही. चहा करू का विचारावं तसं.

एवढं तरी मी तिचं ऐकणार आहे.

बाईंना कळव, मी पुढच्या महिन्यात येते. गाणार नाही. चिजांचे शब्द नुसते बोलेन आणि चाल बाबांच्या त्या पेटीवर वाजवून ठेवीन. आवाजाची जागा रिकामी सोडायला सांग. ती कोणाची होती, तेही लिहून ठेवायला सांग.

ताई